तुझ्या बंदुकीचं माप

आई,

तुझ्या बंदुकीचा बोअर बारा नाही, सोळा आहे. हे मला गेल्या आठवड्यात कळलं, आणि मी स्वतःच मोजल्यामुळे त्यात शंका घ्यायला जागा नाही. म्हणून लिहायला बसले आहे. तू गेलीस त्याला पंधराएक वर्षं झाली. एवढ्या काळात तुला उद्देशून एक ओळ लिहावी असं कधी मनात आलं नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं आणि गेलेल्या माणसांशी बोलत बसणं मला पटत नाही. पण हा आकडा दुसऱ्या कुणाला सांगून भागेना. बारा धरून मी जे काही केलं ते तुझ्या खांद्यावर केलं, तेव्हा सोळा आहे हे आधी तुला सांगायला हवं.

झालं असं की भाऊ कंपनीतून निवृत्त झाला आणि गावची, नेऱ्याची जमीन पुन्हा कसायला लागला. तुझ्यामागे ती बरीच वर्षं पडीकच होती. आजूबाजूला आता फार्महाऊसं झाली आहेत, त्यांना उंच भिंती आहेत, आत लॉन आहे, आणि भिंतींच्या मधल्या रिकाम्या जागांत नुसतं रान माजलं आहे. डुकरांना याहून चांगलं काय पाहिजे. पहिल्या वर्षी भात गेलं, दुसऱ्या वर्षी वाल. मग भावाला तुझी बंदूक आठवली. तू गेल्यावर त्याने ती पोलीस ठाण्यात जमा केली होती, तिथून ती पनवेलच्या परवानाधारक दुकानात ठेवायला गेली आणि तिथेच राहिली. वारस म्हणून पीक राखायचा परवाना त्याच्या नावावर व्हायचा तर माझी संमतीची सही पाहिजे, आणि बंदूक कोणत्या बोअरची, कोणत्या अवस्थेत आहे याचा दुकानदाराचा दाखला पाहिजे. भाऊ म्हणाला, "तू शालंतली बाई हायस, तूच जा. मना ते कागद समजत नाय." मी गेले. कागदाचं काम दुसऱ्यावर सोपवणं मला तसंही जमत नाही.

दुकान जुन्या बाजाराच्या मागच्या बोळात आहे. दुकानदार म्हातारे आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आता बंदुका कोणी घेत नाही, म्हणून कुलपं, बॅटऱ्या आणि जत्रेतल्या फुग्यांवर मारायच्या छर्ऱ्याच्या बंदुका विकतात. त्यांनी चादरीत गुंडाळलेली तुझी बंदूक आणि तिच्यासोबतची कापडी पिशवी आतल्या कपाटातून आणून काउंटरवर ठेवली. दस्त्याला तडा गेला होता तेव्हा तू तांब्याची तार गुंडाळली होतीस, ती तशीच आहे, हिरवी पडली आहे. मी हात लावायच्या आधी म्हटलं, "तिचा गज द्या."

"गज कशाला मॅडम? पोलिसांकडून आलेली आहे. खालीच असणार, रिकामी."

"तरी द्या."

ही तुझी शिकवण. बंदूक घरात असो, कुणाच्या हातात असो, दसऱ्याला पाटावर असो, तू आधी नळीत गज टाकायचीस. ठासणीच्या बंदुकीत वरून बघून काही कळत नाही, दारू आणि छर्रे नळीच्या तळाशी ठासलेले असतात. गज किती आत जातो त्यावरून समजायचं. मी कॉलेजात असताना त्या गजावर कानशीने दोन खुणा करून दिल्या होत्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. तुला अक्षर येत नव्हतं पण खूण येत होती. चाचांच्या काउंटरवर मी गज सोडला, तो खाली गेला, मऊ कशावर तरी थांबला, आणि भरल्याची खूण नळीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"भरलेली आहे," मी म्हटलं.

चाचा खुर्चीवरून उठले. त्यांनी नळीचं तोंड हळूच रिकाम्या भिंतीकडे वळवलं. "या अल्ला. इतकी वर्षं माझ्या कपाटात. वरच्या खणात माझा डबा असतो जेवणाचा."

"घोड्याखाली ठिणगीची टोपी नाही. ठिणगी पडल्याशिवाय उडणार नाही. घाबरू नका."

"घाबरत नाही मॅडम. तुम्ही जरा इकडे सरकून उभ्या राहा, एवढंच."

त्यांनी टोपीच्या भोकातून आत तेल सोडलं आणि दारू भिजायला बंदूक तशीच ठेवली. वेळ लागणार होता. मी स्टुलावर बसून राहिले आणि कापडी पिशवी उघडली. त्यात दारूचं शिंग होतं, टोप्यांची गंजलेली डबी होती, पुठ्ठ्याच्या चकत्या कापायचा पंच होता, आणि माझं माप होतं.

बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. परवाना तुझ्या नावावर करायला तू मला सोबत घेऊन कचेरीत गेली होतीस. टेबलामागचा कारकून हसला होता, "बाई चालवणार का बंदूक?" तू पदर नीट केलास आणि म्हणालीस, "मंग डुकरं काय बाप्या मानूस बघून येतात का?" बाबांच्या कागदावर जे होतं ते त्याने तुझ्या कागदावर उतरवलं. एकनळी, ठासणीची, बारा बोअर. बाबांच्या कागदावर ते कुणी लिहिलं होतं, त्याने नळीत काही घालून पाहिलं होतं की नुसतं डोळ्याने ठरवलं होतं, हे आता कुणालाच माहीत नाही. मी त्या कागदाला कधी प्रश्न विचारला नाही. सरकारी शिक्का होता. मी तेव्हा शिक्क्यावर विश्वास ठेवणारी मुलगी होते, आणि खरं सांगायचं तर बराच काळ तशीच राहिले.

तू दारू तळहाताच्या खळग्यात घ्यायचीस. बाबांनी तसं दाखवलं होतं. खळगा भरला की ओतायची, मग काथ्या ठासायचा, मग तेवढ्याच खळग्याने छर्रे. मी पनवेलला बी. एस्सी.ला होते, सुट्टीत घरी आले होते, ओटीवर बसून हे बघत होते आणि मला ते अजिबात सहन होत नव्हतं. हात घामेजला की दारू चिकटते. दुखणं येऊन हात वाळला की खळगा मोठा होतो. कधी बार फुसका जायचा, कधी गज उडेल असा. तुझा तळहात बरोबर होता असं मी आजही म्हणणार नाही, आई. तो बरोबर नव्हता. त्याच्यात फक्त एवढंच होतं की तो तुझा होता, आणि एखाद्या दिवशी खांदा दुखला तर दुसऱ्या दिवशी तो आपोआप थोडा मिटायचा.

कॉलेजच्या ग्रंथालयात एक जुनं पुस्तक सापडलं, त्यात कोष्टक होतं. बोअरचा आकडा उलटा चालतो हे मला त्यात कळलं. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. सोळा गोळ्या केल्या तर गोळी लहान, नळी अरुंद, ती सोळा बोअरची. म्हणजे आकडा मोठा तितकी नळी लहान. प्रत्येक बोअरसमोर दारू किती, छर्रे किती ते लिहिलं होतं. मी बारासमोरची ओळ उतरवून घेतली, तोळ्यांत बसवली, जुन्या स्टोव्हच्या पंपाची पितळी नळी कापली, एका तोंडाला डाग देऊन बूच बसवलं, आणि कानशीने घासत घासत माप तयार केलं. त्याच मापाने दारू काठोकाठ, त्याच मापाने छर्रे काठोकाठ. चुकायला जागाच ठेवली नाही, असं मी तुला म्हणाले होते. काथ्याच्या जागी पुठ्ठ्याच्या गोल चकत्या बसवायच्या म्हणून लोहाराकडून पंचही करून आणला. बाराच्या मापाचा.

नळी मोजली नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर होता, नळीचा व्यास मोजण्यात मला वर्गात सगळ्यात जास्त गुण होते, आणि सुट्टीभर ती बंदूक माझ्या डोक्याशी खुंटीवर टांगलेली होती. कागदावर बारा लिहिलेलं असताना मोजायचं कशाला.

पहिला बार तू बांधावर उभी राहून आभाळात काढलास. मी मागे उभी होते. तू दोन पावलं मागे आलीस, उजव्या हाताने खांदा धरलास आणि मग माझ्याकडे बघून हसलीस. मी विचारलं, "कसा बसला?"

"बेस," तू म्हणालीस. "आवाज पार नदीपावत गेला बग."

नंतर गावात सांगत होतीस, पोरीनं माप बनवून दिलंय, आता चुकायचा नाय. दसऱ्याला पाटावर बंदुकीशेजारी तू ते माप उभं करायचीस आणि त्याला कुंकू लावायचीस. काउंटरवर मी ते उलटं करून पाहिलं तेव्हा बुचाच्या सांध्यात अजून लाल होतं.

चकत्यांचं तू लगेचच बोलली होतीस. पुढच्या सुट्टीत मी आले आणि पिशवी भरून चकत्या कापून दिल्या, तेव्हा चुलीशी बसून तू सहज म्हणालीस, "या बसत नाय गो. अडकतात तोंडाशी. मी कातरून बसवते."

"कातरायच्या नाहीत. कातरल्या की बाजूने हवा जाते. नळी साफ केलीस का?"

"केली."

"नीट घास. आत गंज असणार. बाराच्या नळीत बाराची चकती बसलीच पाहिजे."

तू "बरा" म्हणालीस आणि भाकरी उलटलीस. पुढे जन्मभर मी वर्गात मुलांना हेच सांगत आले की उत्तर आणि निरीक्षण जुळत नसेल तर निरीक्षण फेकू नका, उत्तर तपासा. ज्या मुलाने आकडे जुळवून आणले त्याची वही मी परत फेकली आहे. आणि तू माझ्यासमोर चुलीशी बसून निरीक्षण सांगत होतीस, तर मी तुला नळी घासायला लावली.

तुझा खांदा नंतर धरला. डाव्या हाताने पाणी शेंदायला लागलीस. एका दिवाळीत मी आले तर वहिनी तुझा अंबाडा घालत होती, कारण तुझा उजवा हात डोक्यापर्यंत जात नव्हता. वहिनी म्हणाली, "आत्या, आयंना सांगा जरा. रात्री कन्हतात." मी तुला बाहेर नेलं, रिकामी बंदूक खांद्याला लावायला सांगितली, आणि तुझी मान, तुझा कोपर, तुझं पाऊल एकेक करून बरोबर केलं. "तू घट्ट धरत नाहीस. दस्ता खांद्यात रुतवायचा. सैल धरलंस तर मारणारच." पन्नाशी उलटलेली तू, उन्हात, एखाद्या शाळकरी मुलीसारखी उभी होतीस आणि मी म्हणेन तसं वळत होतीस. तुझ्या पोलक्याची बाही सरकली तेव्हा खांद्यावर निळं दिसलं. मी ते पाहिलं. पाहिलं आणि अजून घट्ट धरायला सांगितलं.

"दारू थोडी कमी करू का?" तू विचारलं होतंस. एकदाच.

मी म्हटलं, "माप ते माप."

चाचांनी हाक मारली तेव्हा मी माप हातात धरूनच बसले होते. त्यांनी गजाच्या टोकाला स्क्रू लावला, नळीत फिरवला आणि हळूहळू ओढला. वरची चकती आली. ती त्यांनी काउंटरवर टाकली आणि नळी थाळीवर उलटी करून आपटली. छर्रे बाहेर आले, काळे, तेलकट. मग खालची चकती, मग दारूचा ओला चिखल. "कोणी भरलं असेल मॅडम?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईने. तू शेवटच्या आजारात पडायच्या आधी कधीतरी भरून ठेवली असणार. बार काढायची वेळच आली नाही.

मी छर्रे बोटांनी गोळा केले आणि मापात ओतले. का ओतले ते मला सांगता येणार नाही, सवय असेल. माप काठोकाठ भरलं. एक छर्रा वर राहिला नाही, एक कमी पडला नाही. खांदा निकामी झाल्यावरही, मी पनवेलला माझ्या घरात असताना, तुला बघायला कुणी नसताना, तू माप कमी केलं नव्हतंस.

आणि चकती. ती मी उजेडात धरली. कडेने सगळीकडून कातरलेली होती. भाजी चिरायच्या विळीने नाही, कात्रीनेच, बारीक बारीक, एकसारखी. तेवढं एक तू माझं ऐकलं नव्हतंस, कारण ऐकून ती बसलीच नसती.

तेव्हा मी पर्समधून व्हर्निअर काढला. निवृत्त झाले तेव्हा शाळेतल्या मुलींनी भेट दिला होता, दाखल्याचं काम म्हणून सोबत आणला होता. नळीच्या तोंडाशी मोजण्यात अर्थ नव्हता, गज घासून घासून तिथली कड झिजून रुंद झाली होती. कदाचित बाबांच्या कागदावर ज्याने लिहिलं त्याने ते तोंडच पाहिलं असेल. मी चाचांकडून मेण मागून घेतलं, गजाच्या टोकाला गोळा लावला, बाहेरून बारीक तेलाचा हात फिरवला आणि तो आत दाबून, तसाच सरळ बाहेर ओढला. नळीचा ठसा मेणावर आला. तीनदा मोजलं, तीन ठिकाणी. सोळा पूर्णांक आठ मिलिमीटर. बारा बोअरला साडेअठरा लागतात.

"सोळा बोअर आहे," मी म्हटलं.

चाचांनी परवान्याची जुनी प्रत चष्म्याजवळ नेली. "यात तर बारा लिहिलंय."

"ते चुकीचं आहे."

"बघा मॅडम, नळीवरचा नंबर जुळतो. कंपनीची खूण जुळते. बोअर कोण बघतं? मी बारा लिहून टाकतो, पुढच्या महिन्यात तुमच्या भावाला परवाना मिळेल. सोळा लिहिलं तर फाइल परत फिरणार, दुरुस्तीचा अर्ज, जबाब, साहेबाची सही. एक सीझन जाणार. कशाला उगाच?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, हे तुला सांगायला हवं. बारा लिहिलं असतं तर कागद बरोबर राहिला असता, माझं माप बरोबर राहिलं असतं, आणि तुझा खांदा म्हणजे वय झालं, सांधे धरले, नेऱ्याच्या सगळ्याच बायकांचे धरतात, असं राहिलं असतं. बोळातून एक टेम्पो जात होता, तो जाईपर्यंत मी तशीच उभी होते. मग म्हटलं, "सोळा लिहा. खाली मापं मी लिहून सही करते."

"तुम्ही टीचर होता ना?" चाचा पेन उघडत म्हणाले. "दिसतंय."

इथवर लिहून मी कागद कपाटात ठेवले होते. मधे भात कापून झालं, वाल पेरून झाला, आणि चाचा म्हणाले होते तसंच झालं. फाइल परत फिरली. मी दुरुस्तीच्या अर्जासाठी चकरा मारल्या, जबाब दिला, मेणाचा ठसासुद्धा प्लास्टिकच्या डबीत घालून नेला, तो कुणी पाहिला नाही. तोपर्यंत डुकरांनी वाल खाल्ला. शेंगा भरल्या होत्या. भावाने पोपटीला, मडक्यात शेंगा भाजायला म्हणून बांधाकडचा एक तुकडा राखला होता, तोही उकरला. फोनवर तो चिडला होता. "बारा लिवला असता तर काय बिघडला असता? त्या डुकरांना बोअर कलतो का?" मी म्हटलं, समोर आल्यावर सांगते.

परवाना आला त्या आठवड्यात मी आणि तो दुकानातून बंदूक घेऊन नेऱ्याला गेलो. जायच्या आधी मी सोळाचा पंच करून घेतला आणि नवं माप केलं. स्टोव्हचे भाग विकणारं बाजारात आता एकच दुकान उरलं आहे. त्याने पंपाची नळी दिली, वर विचारलं, "बाई, स्टोव्ह वापरता अजून?" यावेळी मी सोळाची ओळ घेतली. बारापेक्षा छर्रे पाचवा हिस्सा कमी, दारूही त्याच मापात उतरते. एवढाच फरक. पण अरुंद नळीत जास्तीचा भार ठासला की तो सगळा धक्का मागे येतो, आणि तुझी बंदूक हलकी होती, आणि तूही.

अंगणात वहिनी तांदूळ पाखडत होती. बार काढण्याचं काम तिच्याकडेच येणार आहे, कारण भावाचा मोतीबिंदू पिकला आहे. भावाने पिशवीतून जुनं माप काढलं, धोतराने पुसलं आणि तिच्यासमोर धरलं. "हा आयचा माप. आय सांगायची, माज्या पोरीनं बनवलाय, ह्याच्यात कमी नाय करायचा."

मी म्हटलं, "ते ठेव. ते चुकीचं आहे."

"चुकीचा कसा?"

"मी बाराचं केलं. बंदूक सोळाची आहे. तेव्हा मोजली नाही. हे नवं घ्या. यापेक्षा जास्त कधी भरायचं नाही, आणि दुखलं तर याच्याहूनही कमी भरायचं. चकत्या बसल्या नाहीत तर मला सांगा. मी नळी घासायला सांगणार नाही."

भावाने दोन्ही मापं शेजारी शेजारी धरली. वहिनीने सूप खाली ठेवलं. मग तो म्हणाला, अगदी हळू, दोष द्यायला नाही, नुसतं समजून घ्यायला, "मंग आयचा खांदा त्याच्यानंच गेला का?"

मी म्हटलं, "नळीला तेल लावून ठेव. पावसाळ्यात लगेच गंज धरते."

त्याने मान हलवली. वहिनी माझ्याकडे बघत होती. तुझा अंबाडा तिने किती वर्षं घातला. ती उठून आत गेली, तिने चहा टाकला. मी तिला गज टाकून बघायला शिकवलं, रिकाम्याची खूण, भरल्याची खूण. नव्या मापाने भरल्याची खूण खाली जाते म्हणून ती नवी करावी लागली. जुनी खूण मी कानशीने घालवली नाही. संध्याकाळी वहिनीने बांधावरून एक बार काढला. ती जागची हलली नाही. खांद्याला हात लावला नाही. भावाला म्हणाली, "आवाज बारका आला, नाय?" तो म्हणाला, पुरे आहे. नदीपर्यंत गेला की नाही ते मला कळलं नाही.

तुझ्या वस्तू कुणाकडे गेल्या याची नोंद तुझ्यापुरती इथे करते. एक प्रत भावाच्या सहीने माझ्याकडे आहे, त्यात शेवटच्या ओळी नाहीत.

भावाच्या ताब्यात: ठासणीची एकनळी बंदूक एक, बोअर सोळा, दस्त्याला तांब्याची तार. गज एक, त्यावर तीन खुणा. दारूचं शिंग एक, रिकामं. टोप्यांची डबी, आतल्या टोप्या निकामी, फेकल्या. सोळाचा नवा पंच एक.

वहिनीच्या हातात: नवं माप एक.

दिलं नाही: जुनं माप. ते कापून सोळाचं झालं असतं, कानशी हातात घेतली, लावता आली नाही. कातरलेली चकती एक, तीही माझ्याकडेच आहे.

भावाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. उत्तर हो आहे.